दगूबाईचा हातगुण

भोंगा व्हायच्या आधीच दगूबाईने पत्र्याच्या शेडचे दार उघडले, जमिनीवर सरकीची रिकामी पोती अंथरली आणि कमरेची डबी काढून मांडीशी ठेवली. रोजचीच सकाळ होती. थंडी मी म्हणत होती. बायका डोक्यावरचा पदर घट्ट ओढून नंदुरबारच्या गल्ल्यांतून जिनकडे पळत येत होत्या, आणि प्रत्येकीच्या कडेवर एक गाठोडे होते. ते गाठोडे म्हणजे तिचे लेकरू.

ज्यांनी जिन पाहिलेली नाही त्यांना थोडे सांगायला हवे. तापीकाठचा कापूस गाड्या भरभरून या कारखान्यात येतो. ओळीने मांडलेल्या यंत्रांपुढे बायका बसतात आणि ओंजळीओंजळीने कापूस आत सारतात. रुई एकीकडे उडते, सरकी खाली गळते. यंत्राला दम लागत नाही, म्हणून बाईलाही दम घेता येत नाही. हवेत इतकी रुई असते की दुपारपर्यंत तरण्या बायका म्हाताऱ्या दिसू लागतात. नजर हललीच, तर बोट जाते. दगूबाईची दोन बोटे अशीच गेली होती.

बोटे गेल्यावर मुकादम लोटन याने तिला घरी धाडली नाही, हे तो दर आठवड्याला तिला ऐकवीत असे. त्याने तिला शेड दिली. आया कामावर असताना त्यांची लेकरे सांभाळायची. पण एका म्हातारीने वीसेक तान्ही मुले सांभाळायची कशी? त्याचे उत्तर त्या डबीत होते.

डबीत अफूच्या गोळ्या होत्या, जायफळ आणि गुळात मळलेल्या, मोहरीपेक्षा किंचित मोठ्या. पुस्तकातले लोक त्यांना बाळगोळी म्हणतात, आपल्या खानदेशी जिभेवर ती 'गोयी' होते. अफू लोटन आणून देई. दगूबाई लेकरू मांडीवर घेई, आईच्या दुधात गोळी उगाळी, अंगठा लेकराच्या जिभेवर टेकवी. थोड्या वेळात डोळे मिटत. मग ते लेकरू पोत्यावर, त्याच्या शेजारी दुसरे, त्याच्या शेजारी तिसरे. दुपारभर शेडमध्ये माशांचा आवाज तेवढा असे.

"गुणी शे," प्रत्येक लेकराला निजवताना दगूबाई म्हणे. "भलतं गुणी शे."

आणि ती हे अगदी मनापासून म्हणे. तिच्या आईने तिला गोळी दिली होती, तिने आपल्या झिपरूला दिली होती. झिपरू वाढला, सुरतेच्या गिरणीत गेला आणि गेला तो गेलाच, ही गोष्ट वेगळी. जी मुले वाढली नाहीत, हातापायाच्या काड्या होऊन गेली, त्यांच्याबद्दल बायका 'दृष्ट लागली' म्हणत. दगूबाईही तेच म्हणे.

झिपरू मागे बायको ठेवून गेला होता, दिवली. आधीची दोन लेकरे अशीच काड्या होऊन गेलेली. तिसरी मुलगी झाली तेव्हा मरणाला तिची किंमत वाटू नये म्हणून दिवलीने तिचे नाव चिंधी ठेवले. चिंधी सहा महिन्यांची होती. वीस लेकरांत एकटी तीच गोळी थुंकून टाकी, आणि रडली की पत्रे दणाणत.

आदल्या दिवशी ती अशीच रडली होती. यंत्रांच्या गडगडाटातूनही दिवलीला ते ऐकू आले आणि तिने मान वर केली. लोटन मागेच उभा होता.

"काय वं दिवली, तुन्ही पोर म्हंजे जिनना दुसरा भोंगा शे का?"

बायका हसल्या. हसावेच लागे.

"उद्या मुंबईना साहेब येवाव शे," लोटन सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "विलायत शिकी येल शे. शेठनी सांगेल शे, जिन कशी देऊळनासारखी शांत दिसाले पायजे. तुन्ही पोर उद्या रडनी ते सासू-सून दोन्ही घर बठा."

घरी जाताना दगूबाईने तोच घाव पुन्हा घातला. "आख्खी शेडना पोऱ्या मन्हा हातखाले गुणी व्हयनात, नी मन्ही नातच तेवढी अवगुणी निंघनी. लोके हसतस माले."

"दात ई ऱ्हायनात तिले, माय," दिवली हळूच म्हणाली. सासूला ती माय म्हणे.

"दात काय तुन्हीच पोरले येतस का?"

दिवलीने चिंधीला दुसऱ्या कडेवर घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जिनवर निघण्याआधी, दगूबाई पाणी भरायला गेली तेव्हा दिवलीने कोनाड्यातली डबी उघडली. एक गोळी घेतली, दुधात उगाळली आणि चिंधीचे नाक धरून तिला पाजली. आज पोरीने रडू नये, एवढेच तिला हवे होते. आज सासूने एकदा तरी तिच्या लेकीला गुणी म्हणावे, एवढेच. मग डबी जिथली तिथे ठेवली आणि सासूला काही सांगितले नाही. दगूबाईला हे ठाऊक नव्हते. वाचकांना मात्र ठाऊक असलेले बरे, कारण त्या दिवशी शेडमध्ये जे घडले ते कोणा राक्षसाने केलेले नाही.

शेडमध्ये दगूबाईने चिंधीला मांडीवर घेतले. पोरीने आज थुंकले नाही. अंगठा मुकाट चोखला.

"देख वं, देख!" दगूबाई हरखून शेजारच्या नईमाला म्हणाली. नईमा आपल्या दाऊदला सोडायला आली होती. "आज कशी शहाणी व्हयनी मन्ही नात!"

"बुढ्ढी, तेरे हाथ में जादू है," नईमा म्हणाली आणि भोंगा झाला म्हणून पळाली.

उन्हे वर आल्यावर लोटन आला. धोतर धुतलेले, डोक्याला नवी टोपी. "साहेब जिनमा शे. आते आठे येई. एकेक गोयी जादा दे बठ्ठासले."

दगूबाई दचकली. "जादा? मंग लेकरे उठतीन कवय?"

"साहेब गया का उठतीन. बोटे नहीत तुले, आते कान बी नहीत का?"

बठ्ठा म्हणजे सगळी. दगूबाई एकेका लेकराकडे गेली. झोपलेल्या तोंडात अंगठा घातला की झोपेतच ते चोखी. चिंधीपाशी ती थांबली. पोर आधीच गाढ झोपली होती. हिला कशाला, असे तिच्या मनात आले. पण लगेच कालचे हसणे आठवले, आणि साहेब इथे उभा असताना नेमकी हीच उठली तर, हे आठवले. तिने अंगठा पुढे केला. चिंधीने चोखला नाही, तेव्हा तिने तो जिभेवरून नीट फिरवला.

प्रोफेसर गद्रे मुंबईच्या एका संस्थेतून आले होते. माणूस वाईट नव्हता. चष्म्याआडचे डोळे सौम्य होते, आवाज मऊ होता, आणि कारखान्यात काम करणाऱ्याचे मन स्वस्थ असेल तर काम चांगले होते, या विषयावर ते मोठा ग्रंथ लिहीत होते. हा विचारही वाईट नव्हता. सकाळपासून ते जिनमध्ये उभे राहून एकच गोष्ट पाहत होते. जिचे मन अस्वस्थ आहे ती बाई काम करताना मान वर करते, इकडेतिकडे पाहते. इतर गावच्या कारखान्यांत बायका सारख्या दाराकडे पाहत. इथे कोणीच मान वर करीत नव्हते.

"आपण या कामात संतुष्ट आहात काय?" त्यांनी नईमाला विचारले होते.

नईमाने लोटनकडे पाहिले. "क्या पूछते साब?"

"साहेब इचारस, तुले काही तरास शे का?" लोटनने तिला सोपे करून सांगितले आणि डोळे वटारले.

"हमकू काहेका तरास?" नईमा म्हणाली. "पुरा दिन बैठके तो काम है. राजा लोग बी बैठेच रहते."

बायका खुदखुदल्या. साहेबही हसले. उत्तर त्यांना आवडले.

मग ते जिनचे मालक रूपचंदशेठ आणि लोटन यांच्याबरोबर शेडच्या दाराशी आले आणि जोडे काढावेत की काय, असे क्षणभर त्यांना वाटले. ओळीने झोपलेली लेकरे, पत्र्याच्या फटीतून आलेले ऊन, आणि सगळीकडे अशी शांतता.

"अद्भुत!" ते कुजबुजले. "शेठजी, आयांची मान वर का होत नाही ते आत्ता कळले. मूल सुखात आहे हे त्यांना ठाऊक आहे. असे शिशुगृह मी मुंबईतही पाहिले नाही. बाई, आपण करता तरी काय?"

दगूबाईच्या आधी लोटनच बोलला. "काही नही साहेब. दगूबाईना हातगुण शे."

"हातगुण," साहेबांनी तो शब्द घोळवला. मग ते वाकले. अगदी दाराजवळ चिंधी होती. त्यांनी बोटाच्या पाठीने तिच्या गालाला स्पर्श केला. "किती गुणी मूल आहे!"

दगूबाईचा ऊर भरून आला. विलायतेहून आलेला साहेब तिच्या नातीला गुणी म्हणाला! दिवलीला हे कधी सांगते, असे तिला झाले.

"अंग मात्र जरा गार आहे," साहेब उठत म्हणाले. "थंडी आहे. पांघरूण घाला हिला." आणि ते शेठजींबरोबर चहाला गेले.

दगूबाईने आपल्या लुगड्याचा पदर काढून चिंधीवर घातला. घालताना हात छातीवर टेकला. तो तिने तिथेच ठेवला. मग नाकाशी नेला. मग पोरीचा ओठ उघडून पाहिला, तो आतून जांभळा होता.

तिच्या तोंडून आवाज निघायच्या आत लोटन आत आला होता. त्याने एकदा पोरीकडे पाहिले आणि दार लोटून घेतले.

"भोंगा व्हये तवलोंग तोंड उघाडू नको," तो दातांतून म्हणाला. "साहेब आजून आवारमा शे. एक शब्द काढा, ते तू बी गयी नी दिवली बी गयी. मरेल ते काही जित्तं व्हत नही."

आणि दगूबाई गप्प बसली.

हे लिहिताना कोणालाही बरे वाटणार नाही, पण ती गप्प बसली. मेलेली नात मांडीवर घेऊन, पदराखाली झाकून, ती दिवस कलेपर्यंत त्या शांत शेडमध्ये बसून राहिली. मधूनमधून सवयीने मांडी हलवी. भिंतीपलीकडे यंत्रे गडगडत होती. तिथे दिवली कापूस सारत होती, आणि आज तिने एकदाही मान वर केली नाही.

भोंगा झाला. दिवली सगळ्यांच्या आधी धावत आली. केसांत रुई, तोंडभर हसू, दुधाने चोळी ओली.

"माय, आज रडनी नही ना?" ती दारातूनच म्हणाली. "व्हयनी ना गुणी मन्ही चिंधी?"

दगूबाईने पदर बाजूला केला.

दिवलीची किंकाळी आवाराबाहेरच्या रस्त्यावर ऐकू गेली. साहेब तोवर डाक बंगल्यावर गेले होते. बायकांनी तिला धरले. तिने आधी सासूचे पाय धरले, मग स्वतःच्या तोंडात मारून घेतले.

"मीच मारी तिले! सकायले मी दिन्ही व्हती, तुम्ही पाणी भराले गयात तवय. तुमनी डबीमाईन. तुमले वाटाले पायजे व्हतं, का मन्ही पोर बी गुणी शे."

दगूबाईने आपला अंगठा पाहिला. एक गोळी आईच्या हातची. दोन आजीच्या हातच्या. बायका 'दृष्ट लागली' असे म्हणू लागल्या, तेव्हा तिने पहिल्यांदाच मान डोलावली नाही.

अंधार पडायच्या आत चिंधीला नाल्याकाठी पुरले. चिंधीच ती. मरणाने तिची किंमत केली, जित्यांनी नाही.

सकाळी दोघी पुन्हा जिनवर आल्या. वाचक म्हणतील, कशा आल्या? हे विचारणाऱ्यांना या दोघींच्या घरची सकाळची चूल कशाने पेटते हे ठाऊक नाही. दिवली यंत्रापुढे बसली. दगूबाईने शेडचे दार उघडले. साहेबांचे निरीक्षण आजही व्हायचे होते, आणि लोटनने सांगून ठेवले होते, कालच्यासारखंच.

बायका लेकरे घेऊन आल्या. पहिल्या बाईने आपले लेकरू दगूबाईच्या मांडीवर दिले, आणि दगूबाईचा हात दिसताच त्या लेकराने पाखराच्या पिलासारखे तोंड उघडले. सवयीने.

दगूबाई त्या उघड्या तोंडाकडे पाहत राहिली. मग उठली. डबी घेऊन जिनच्या बॉयलरपाशी गेली, आगवाल्याला म्हणाली, "दार उघाड रे भाऊ," आणि डबी झाकणासकट आगीत टाकली.

"बुढ्ढी, ये क्या किया तूने?" नईमा घाबरून म्हणाली. "मेरा दाऊद दिनभर रोयेगा. मुकादम छोडेगा नहीं."

"रडू दे, नईमा. जो रडस तो जित्ता शे."

ज्या लेकराला अफूची सवय लागली, ते गोळी चुकली की साधे रडत नाही. त्याच्या हाडांना ती हवी असते. उन्हे शेडवर आली तेव्हा आधी दाऊद रडू लागला, मग त्याच्या शेजारचे, मग सगळी शेड. दगूबाई एकाला खांद्यावर घेई, दुसऱ्याला पायावर, बाकीच्यांना थोपटीत फिरे. तिच्याने आवरेना, आणि आवरावे असे तिला वाटेना. पत्रे थरथरू लागले. तो आवाज यंत्रांच्या गडगडाटाला फाडून आत शिरला.

जिनमध्ये एका बाईने मान वर केली. मग दुसरीने. मग ओळच्या ओळ दाराकडे पाहू लागली.

"खाले देखा!" लोटन ओरडत फिरू लागला. "हात चालाडा!"

दिवलीने मान वर केली नव्हती. तिच्यासाठी त्या शेडमध्ये आता कोणी नव्हते. पण तान्ह्याचे रडणे आईच्या कानांनी नव्हे, अंगाने ऐकले जाते. तिचा पान्हा फुटला. दूध चोळीतून ठिबकून समोरच्या कापसावर पडले. ती त्या ओल्या कापसाकडे पाहत राहिली. मग उठली. लोटनने तिचा दंड धरला.

"कोठे चालनी? तुन्हं कोण शे तठे?"

"बठ्ठा मन्हाच शेत," दिवली म्हणाली आणि दंड सोडवून चालू लागली.

शेडमध्ये जाऊन तिने सर्वांत मोठ्याने रडणारा दाऊद उचलला, पाय पसरून बसली आणि त्याला छातीशी लावले. मागोमाग नईमा आली. ते दृश्य पाहून दारातच खाली बसली. मग बाकीच्या आल्या. जिनमध्ये यंत्रे रिकामीच गडगडत राहिली.

प्रोफेसर गद्रे धापा टाकीत आले. "काय झाले? काल तर किती शांत होते सगळे!"

लोटन काही सांगणार, तेवढ्यात दगूबाई दोन लेकरे काखेत घेऊन पुढे आली.

"साहेब, काल तुम्ही जी पोरना गालवर हात फिराया, तीले गुणी म्हनात, ती मरेल व्हती. मन्ही नात. अफू खाई मरनी. मन्हा हातनी. तुम्ही म्हनात, अंग गार शे, पांघरून टाका. मी टाकं, साहेब."

साहेबांचा हात आपोआप वर आला. ज्या बोटांनी गालाला स्पर्श केला होता ती बोटे ते पाहत राहिले. रूपचंदशेठने त्यांना खांद्याला धरून हळूच बाजूला नेले. दुपारच्या सुरत गाडीने ते गेले.

त्यांना नंतर झोप लागली की नाही, हे कोणाला ठाऊक नाही. त्यांचा ग्रंथ निघाला हे मात्र खरे. त्यात नंदुरबारच्या एका जिनचा उल्लेख आहे. आयांच्या मनाची स्वस्थता तेथे उल्लेखनीय आढळली, इतर कारखान्यांनी अशी शिशुगृहे काढावीत, असे लिहिले आहे. दुसऱ्या दिवसाचे निरीक्षण 'काही तात्पुरत्या गोंधळामुळे' धरलेले नाही.

दगूबाई आणि दिवली यांना त्याच संध्याकाळी फाटकाबाहेर काढले. शेडमध्ये दुसरी म्हातारी आली, तिच्या कमरेला दुसरी डबी.

पण गावात जिन काही एकच नव्हती. त्या हंगामात आणि पुढच्याही हंगामांत, सकाळच्या भोंग्याआधी कुठल्या ना कुठल्या फाटकाशी दोन बोटे नसलेली एक म्हातारी उभी असे. सोबत सून असे. दिवसभर दुसऱ्यांसाठी जळण वेचून दोघी पोट भरीत, पण भोंग्याची वेळ चुकवीत नसत. मुकादम हाकलीत, रखवालदार ढकलीत. म्हातारी पुन्हा येई. कडेवर लेकरू घेतलेली प्रत्येक बाई ती अडवी, लेकराच्या पापण्या आपल्या अंगठ्याने उघडून डोळ्यांत अफूची गुंगी आहे का ते पाही आणि विचारी,

"रडस का वं तुन्हं लेकरू?"

एखादी लाजून, अपराध्यासारखी म्हणे, "गह्यरं रडस, माय. कोनलेच आवरत नही."

तेव्हा म्हातारीचे डोळे भरून येत. ती त्या लेकराच्या डोक्यावरून आपला मोडका हात फिरवी.

"गुणी शे," ती म्हणे. "भलतं गुणी शे."